शकुचं चेकिंग

शकु आणि मी सव्वीस वर्षं एका बाकावर बसलो. मुलुंडला एक औषधांची कंपनी होती, आता तिथे तेवीस मजल्यांचा टॉवर उभा आहे. आमचं खातं चेकिंगचं. इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या कुप्या यायच्या. समोर दिवा, मागे अर्धा काळा अर्धा पांढरा फळा. कुपी उचलायची, हलकेच फिरवायची, काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. आत धाग्याचा तुकडा, काचेचा कण, काहीही तरंगताना दिसलं की लाल ट्रेमध्ये. नाही दिसलं की हिरव्यात. दिवसाला हजारो कुप्या. माझ्या नजरेतून दोन-चार सुटायच्या, खोटं कशाला बोलू. शकुच्या नजरेतून एक सुटायची नाही.

आमचे मधुकर साहेब अधूनमधून चांगल्या मालात मुद्दाम खराब कुप्या मिसळायचे. बायका जाग्या आहेत की झोपल्यात ते बघायला. एकदा त्यांनी शकुच्या ट्रेमध्ये दहा मिसळल्या. हिने अकरा काढल्या. साहेब हसले, म्हणाले एक चांगली फुकट घालवलीस. हिने ती अकरावी उचलून त्यांच्या हातात दिली आणि दिव्याकडे बोट केलं. साहेबांनी चष्मा लावला, बघितलं आणि ती कुपी स्वतःच लाल ट्रेमध्ये टाकली. त्या दिवसापासून खात्यात शकुचा शब्द शेवटचा.

ही बाळापूरकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मुंबईला आली, दहावी पास. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली कपाटात आयुष्यात मिळालेलं प्रत्येक सर्टिफिकेट, प्लास्टिकच्या पिशवीत. मी मालवणची, तोंडाची फटकळ. आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण जमलं. पुढे मुलुंड पूर्वेला म्हाडाच्या वसाहतीत शेजारीशेजारी घरं मिळाली. तिच्या मोरीची आणि माझ्या मोरीची भिंत एकच.

कंपनी बंद पडली, पण चेकिंग काही सुटलं नाही. बाजारात वांगं घेतलं तरी उन्हात धरून फिरवायची. भाजीवाला म्हणायचा, मावशी, एक्स-रे काढताय काय. मुलीला स्थळ आलं, तर मुलाच्या बुटांचे तळवे बघून आली. मी चिडवायचे तिला, काय गो, जावई लाल ट्रेमध्ये का हिरव्या? ती हसायची नाही. म्हणायची, "माधुरी, नंतर रडण्यापेक्षा आधी बघितलेलं बरं."

तिचा नवरा शिवदास. त्यांना मी भावोजी म्हणायचे. पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन रस्त्यातलं झाकण उघडायचं, खालचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लीला पाणी सोडायचं. मग वेळ झाली की बंद. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरी पाणी पोचवलं आणि स्वतःच्या घरी बादलीभर पाण्यात आंघोळ केली. नळ गळलेला त्यांना खपायचा नाही. माझी टाकी भरून वाहायला लागली की भिंतीवर तीन थापा मारायचे. मी भांडायचे, तुमच्या बापाचं आहे का पाणी म्हणून. ते पलीकडून म्हणायचे, "कोणाच्याच बापाचं नाही, म्हणून तर."

गेल्या एप्रिलमध्ये त्यांना अन्न जाईना. पाठीत कळा यायला लागल्या. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आठ दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी शकुला आणि तिच्या मुलीला, प्रियंकाला, आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशन नाही, औषध नाही. तीन महिने म्हणा. आता घरी न्या, दुखणं आटोक्यात राहील एवढं बघा. अशा शेवटच्या आजारात घरी येऊन काळजी घेणारे लोक असतात, त्यातले चांगले बघून घ्या.

चांगले बघून घ्या. शकुला एवढंच ऐकू आलं बहुतेक. माणूस जाणार ते ठरलेलंच होतं. पण तो तळमळत जाणार की शांतपणे, हे आपण कोणाला घरात घेतो त्यावर आहे, हे तिला पक्कं कळलं. रिक्षात बसल्या बसल्या तिने दुसरंही ठरवून टाकलं. ह्यांना सांगायचं नाही. आतड्याला सूज आहे, वेळ लागेल, बरं होईल. मलाही तिने शपथ घातली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उगाच आता शहाणपण कशाला दाखवू. माझे वडील गेले तेव्हा आम्हीही त्यांना शेवटपर्यंत कावीळ सांगितली होती. आमच्यात असंच करतात. माणसाचा धीर सुटू नये म्हणून.

प्रियंका वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये नोकरीला. तिने फोनवर यादी काढली, कोणाला किती तारे, कोणी काय लिहिलंय. शकुने ती यादी वाचली आणि बाजूला ठेवली. तारे काय, कोणीही देतं. मी स्वतः बघणार, म्हणाली. दोघांना घरी बोलावलं, आणि मला सोबतीला बसवलं.

पहिली आली ती एका ट्रस्टची नर्स, मानसी. पन्नाशीची, सावळी, पायात झिजलेल्या चपला. चाळीस मिनिटं उशिरा. पिशवी कापडी, बंद अर्धा उसवलेला, वहीला चहाचा डाग. शकुची नजर त्या डागावरून हलेना. बाईने हात धुतले, भावोजींच्या पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि बसली. काही तपासलं नाही. पाच मिनिटं नुसत्या गप्पा, कुठल्या वॉर्डात होतात, कुठल्या गल्लीत प्रेशर कमी. मग विचारलं, "काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

शकुने तिला जवळजवळ ओढतच स्वयंपाकघरात आणलं. इथे हा विषय काढायचा नाही, हे पहिलंच सांगून ठेवते, म्हणाली. मानसी शांतपणे उभी होती. म्हणाली, मी होऊन काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि त्यांना किती दुखतंय ते मी त्यांनाच विचारणार, तुम्हाला नाही.

दार लावल्यावर शकु एवढंच म्हणाली, "रिजेक्ट." मीही म्हटलं, बरोबर आहे, काय बाई आहे, वेळेवर यायचं माहीत नाही आणि चालली मरणाच्या गोष्टी काढायला. हे मी बोलले. माझ्या ह्याच तोंडाने.

दुसरी कंपनी होती. केतन नावाचा मुलगा टाय लावून आला, सोबत पांढऱ्या गणवेशातली नर्स. सांगितलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी. शकुने बॅग उघडायला लावली. प्रत्येक पाकीट सीलबंद, तारखा तपासल्या, एकही उलटून गेलेली नाही. नखं कापलेली. हात धुताना मनगटापर्यंत साबण. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस किती तासांनी बदलायची त्याचा तक्ता. रंगीत फाइल, त्यात रोजचा ताप, नाडी, बीपी, आणि दुखणं किती त्याला शून्य ते दहा आकड्यांची पट्टी, प्रत्येक आकड्यावर हसरा-रडका चेहरा. आणि पेशंटला काय सांगायचं, शकुने विचारलं. केतन म्हणाला, घरच्यांची इच्छा असेल तसं, मॅडम. शकुने माझ्याकडे बघितलं. डोळ्यात तीच चमक, हिरव्या ट्रेमध्ये टाकताना असायची ती.

तीन आठवडे सगळं झकास चाललं. म्हणजे फाइलमध्ये. नर्स रोज दहाला यायची, साडेदहाला जायची. ती गेली की शकु चष्मा लावून फाइल घेऊन बसायची. ताप नाही, बीपी ठीक, जखम नाही, दुखणं दोन. रोज दोन. कधी चुकून तीन. अक्षर कसं मोत्यासारखं. तिने मला तीनदा बोलावून दाखवलं. मला म्हणायची, बघ, ह्या आजारात लोक केवढे ओरडतात म्हणे, आणि हे बघ. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. फाइल मिटायची आणि मग उठून जेवायला बसायची.

मे महिना होता, पाणीकपात चालू होती. आणि त्याच दिवसांत रोज दुपारी तीनला भिंतीपलीकडे नळ सुटायचा. धो धो, बादली भरून वाहतेय तरी चालूच. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. माझं डोकं फिरायचं. वरच्या टाकीत जेमतेम पाणी, इथे लोक हंडे लावून बसलेत, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मला थेंबासाठी भिंत बडवून दाखवली, त्याच्याच घरी ही नासाडी. आजारी आहेत म्हणून इतके दिवस गप्प बसले. शकुला एकदा विचारलं, तर म्हणाली, पोट साफ होत नाही ह्यांचं, मोरीत वेळ लागतो. त्याला नळ कशाला हवा, पण मी जास्त खोदलं नाही.

विसाव्या दिवशी राहवेना. तरातरा गेले. शकु औषधाच्या दुकानात गेली होती, दार नुसतं लोटलेलं. भावोजी, भावोजी म्हणत मोरीपर्यंत गेले. दाराची कडी मोडलेली, दार अर्धं उघडं. ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. कपाळ भिंतीला टेकवलेलं. टॉवेल तोंडात कोंबलेला, दातांत धरलेला. एका हाताने नळाची तोटी घट्ट पकडलेली, बोटं पांढरी पडलेली. आणि टॉवेलातून तो आवाज येत होता. माणसाचा आवाज नव्हता तो. देवा, मी काय भांडायला गेले होते.

मला बघून त्यांनी टॉवेल काढला. नळ बंद केला नाही. मी रडायला लागले, तर मलाच समजावत होते. पहिल्या दिवशीच नर्सने विचारलं होतं, तेव्हा शकु शेजारी उभी होती, तिच्याकडे बघून त्यांनी सांगितलं होतं, दोन लिहा. दुसऱ्या दिवशी नर्सने विचारलं नाही, नुसतं दोनच ना काका, म्हणाली. तिसऱ्या दिवशीपासून तेही नाही.

"माधुरीताई, तिला सांगू नका," म्हणाले. "फाइलमध्ये दोन दिसलं की ती जेवते."

मी सांगितलं. जिन्यातच सांगितलं, हातातली औषधाची पिशवी तिने खाली ठेवण्याआधी. तिने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चार्ट बघ. मी म्हटलं, घाल चुलीत तो चार्ट. ती म्हणाली, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. आम्ही भांडलो. एवढ्या वर्षांत भांडलो नव्हतो तसं. वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी तिच्या दारात गेले आणि म्हटलं, चहाला चल, काही बोलत नाही, नुसती ये. ती आली. तिला माझ्या मोरीत नेलं, पाटावर बसवलं. तीन वाजले, पलीकडे नळ सुटला. मी म्हटलं, कान लाव. तिने भिंतीला कान लावला, आणि डोळे मिटले. आधी तिला नुसतं पाणी ऐकू आलं असेल. मग तिचा चेहरा बदलला. आयुष्यभर जी बाई पाण्यात तरंगणारा कण शोधायची, तिला त्या पाण्याखालचा आवाज सापडला. ती उठली नाही. धावत गेली नाही. नळ बंद होईपर्यंत तशीच बसून राहिली, अठरा मिनिटं. मग म्हणाली, "हे रोज?"

मी मान हलवली.

काय चुकलं ते तेव्हा मला कळलं, तिला माझ्याआधी कळलं असणार. आम्ही काच बघायचो, औषध नाही. आतलं औषध माणसाला लागू पडतं की नाही ते बघायचं खातं वेगळं होतं, वरच्या मजल्यावर. आमच्या ट्रेमधून गेलेली कुपी स्वच्छ आहे एवढंच आम्ही सांगायचो. घरातही हिने तेच केलं. बॅग बघितली, नखं बघितली, तारखा बघितल्या. ती बाई पलंगाजवळ बसते का, ह्या माणसाच्या तोंडाकडे बघते का, हे बघायचं राहिलं. आणि जिने बसून विचारलं, तिला आम्ही दोघींनी चहाच्या डागासाठी हाकललं. डागासाठी कशाला, तिने विचारलं म्हणूनच हाकललं.

मानसीचं कार्ड शकुने फेकलं नव्हतं. कुठलीच वस्तू फेकत नाही ती. तिने फोन लावला, आणि माझ्यासमोर एवढंच बोलली, मी चुकले, आज येता का. त्या दिवशीही मानसी उशिरा आली. त्याच चपला, तीच पिशवी. कशाचाही टोमणा नाही. हात धुतले, स्टूल ओढलं, बसली. शकु दाराच्या चौकटीला धरून उभी. मी तिच्यामागे. मानसीने पुन्हा तेच विचारलं, "काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

शकुने ह्या वेळी अडवलं नाही.

भावोजींनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "कॅन्सर आहे. हॉस्पिटलात त्या मजल्यावर एवढी मोठी पाटी होती, मला काय वाचता येत नाही का? हिला वाटतं मला माहीत नाही. राहू दे तसंच, तिला बरं वाटतं."

"आणि दुखतं किती? शून्य ते दहा."

त्यांनी दाराकडे बघितलं. शकु जवळ गेली, पलंगावर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, "खरं सांगा. मी जेवेन. तुमची शपथ, जेवेन."

"नऊ," ते म्हणाले. आणि मग लहान मुलासारखे रडले, मोठ्याने, नळ न सोडता. एकवीस दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी मानसी ट्रस्टच्या डॉक्टरांना घेऊन आली. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, डोस कमी-जास्त करत तिसऱ्या दिवशी बसला. त्यानंतर मानसी रोज विचारायची, सकाळी विचारायची, फोन करून दुपारी विचारायची. चार, तीन, एकदा सहा. सहा म्हणाले त्या दिवशी शकु माझ्याकडे येऊन सांगून गेली, आज सहा आहे पण खरं आहे.

पुढे सतरा दिवस मिळाले त्यांना. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून बोलायला लागले. एवढे दिवस बोलायचं राहिलेलं, ते सतरा दिवसांत. प्रियंकाला बसवून घेतलं. शकुला स्वयंपाकघरात नेलं, म्हणजे मी आणि तिने धरून नेलं, आणि सिंकखालचा घराचा मुख्य कॉक दाखवला. कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, कधी अडकला तर कसा हलवायचा. तिच्या हाताने तीनदा फिरवून घेतला. मी नसेन तेव्हा प्लंबरला उगाच बोलवू नको, म्हणाले. मी नसेन तेव्हा. हे वाक्य घरात पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं, आणि घर काही पडलं नाही. एक दिवस माझी टाकी वाहायला लागली. भिंतीवर तीन थापा आल्या, अगदी हलक्या. मी नळ बंद केला आणि तिथेच बसून रडले.

जूनच्या शेवटी गेले. सकाळी, शकुचा हात हातात धरून. दुखत नव्हतं.

महिन्याभराने आम्ही दोघी तिच्याकडे बसलो होतो तेव्हा फोन वाजला. त्या कंपनीतून कोणी मुलगी बोलत होती, आवाज मधासारखा. आमच्या सेवेचा दर्जा कसा वाटला, एक ते दहामध्ये किती मार्क द्याल. मी म्हटलं, दे इकडे, मी देते तिला मार्क. शकुने फोन दिला नाही. खिडकीकडे वळली.

"दोन लिहा," म्हणाली. "त्यांनी सांगितलं तेच लिहायची सवय आहे ना तुम्हाला, दोन लिहा."

फोन ठेवला. मग कपाटातून ती रंगीत फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. एकवीस पानं, एकवीस वेळा तेच मोत्यासारखं अक्षर. प्रत्येक पानाखाली, वाचलं म्हणून केलेली तिची स्वतःची सही. कंपनीत बॅच पास केल्यावर करायची तशीच.

"ह्यावर माझी सही आहे, माधुरी," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ सरकले, फाइल मिटली आणि तिला म्हटलं, चल, दोन वाजले, आधी जेव.